भिंतीपलीकडचा श्रोता

६ जुलै १९७७ रोजी कॅनडातील माँट्रियल शहराच्या ऑलिंपिक स्टेडियमवर 'पिंक फ्लॉइड' या इंग्लिश रॉक बँडचा कार्यक्रम झाला. प्रचंड समुदाय, हळुवार गाणे चालू असतानाही उडणारे फटाके, अखंड आरडाओरडा. आणि रंगमंचाच्या अगदी जवळ भान हरपून ओरडणारा एक तरुण चाहता. बँडचा बेस गिटारवादक आणि त्या काळातील मुख्य गीतकार रॉजर वॉटर्स संतापाच्या भरात त्या तरुणाच्या अंगावर थुंकला. पुढे त्याला स्वतःचीच किळस आली. आपल्यात आणि श्रोत्यांत भिंत उभी राहिलीच आहे, तर ती रंगमंचावर खरोखरीच बांधून दाखवावी, ही कल्पना त्या किळसेतून निघाली. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द वॉल' ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका तिचे फळ होय.

चाहत्यावर थुंकण्याच्या घटनेतून ज्याची एक प्रमुख कलाकृती जन्माला आली, त्या बँडचे चाहतेपण माणसे जन्मभर कशी जपतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखक स्वतः त्या माणसांपैकी एक आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. म्हणजे पुढील विधानांना किती सूट द्यायची हे वाचकाला ठरवता येईल.

मराठीत 'रसिक', 'दर्दी', 'भक्त' आणि 'चाहता' हे शब्द आपण बरेचदा एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु त्यांचा रोख निरनिराळा आहे. रसिकाचे नाते कलेशी, भक्ताचे व्यक्तीशी. दर्दी बारकाव्यांत रमतो. चाहता या तिघांच्या सीमेवर कोठेतरी उभा असतो, आणि म्हणूनच समीक्षकांना तो नेहमी संशयास्पद वाटत आला आहे. बालगंधर्वांवर जीव टाकणारी पिढी आपल्या घराघरांत होऊन गेली. त्या प्रेमात गाणे, रूप, भूमिका आणि माणूस यांची फारकत करताच येत नसे. रॉक संगीतातील चाहतेपण बहुधा याच जातीचे असते. बीटल्सचे चार चेहरे त्यांचे एकही गाणे न ऐकलेल्या माणसालाही ओळखू येतात. रोलिंग स्टोन्सचे तर बोधचिन्हच मुळी ओठ आणि जीभ आहे.

पिंक फ्लॉइडला चेहरा नाही. १९७० सालच्या 'ॲटम हार्ट मदर' या ध्वनिमुद्रिकेच्या आवरणावर कुरणात उभी असलेली एक गाय आहे. बँडचे नाव नाही, ध्वनिमुद्रिकेचेही नाही. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या आवरणावर काळ्या पार्श्वभूमीत एक लोलक, एका बाजूने आत शिरणारा पांढरा किरण आणि दुसऱ्या बाजूने फुटणारा रंगांचा पट्टा. (हे रंग सात नसून सहाच आहेत, हे दर्दी लोकच मोजतात.) ऑक्टोबर १९७१ मध्ये इटलीतील पाँपेई येथील प्राचीन रंगभूमीवर या बँडचा चित्रपट घेतला गेला, तो एकाही प्रेक्षकाविना: पुढे रिकामी दगडी आसने आणि मध्ये वाजवणारे चौघे. कार्यक्रमांतही लोकांनी पाहायचे ते दिवे, धूर आणि मागचा गोल पडदा, वादक अंधारात. 'द वॉल'च्या १९८०-८१ मधील प्रयोगांत तर कमालच झाली. आरंभी रंगमंचावर जे वादक येत ते खरे नसतच. बँडच्या सभासदांच्या चेहऱ्यांचे मुखवटे घातलेले दुसरेच लोक असत, आणि प्रेक्षक मुखवट्यांना टाळ्या देत.

श्रोत्याकडे पाठ फिरवण्याची ही रीत आणि श्रोत्याची जन्मभराची निष्ठा यांत वरवर विसंगती दिसते. माझे म्हणणे असे की, ही निष्ठा त्या पाठ फिरवण्यामुळेच शक्य झाली. चेहरा म्हातारा होतो, आवडेनासा होतो, वर्तमानपत्रात काहीबाही बोलून आपल्याला लाजवतो. जेथे चेहरा नाही तेथे जागा रिकामी राहते, आणि तीत ऐकणाऱ्याला राहता येते.

ही जागा प्रथम रिकामी झाली ती मात्र ठरवून नव्हे. १९६५ साली लंडनमध्ये बँड स्थापन झाला तेव्हा वॉटर्स, ड्रमवादक निक मेसन आणि कीबोर्डवादक रिचर्ड राइट हे तिघे वास्तुशास्त्राच्या वर्गात एकत्र आलेले विद्यार्थी होते. परंतु बँडचा प्राण होता केंब्रिजहून आलेला, चित्रकला शिकणारा सिड बॅरेट. बँडचे नाव त्याने ठेवले, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांच्या नावांवरून. १९६७ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गीते त्याचीच. पुढे काही महिन्यांतच अमली पदार्थ आणि मनाची मोडतोड यांनी त्याला गाठले. तो रंगमंचावर नुसता उभा राहू लागला. जानेवारी १९६८ मध्ये, त्याच्या मदतीला म्हणून, त्याचा केंब्रिजचा मित्र डेव्हिड गिल्मर गिटारवर आला. आणि थोड्याच दिवसांत एका कार्यक्रमाला जाताना वाटेत बॅरेटला गाडीत घ्यायचेच नाही असे ठरले. भांडण नाही, निरोप नाही. गाडी त्याच्या दारावरून गेली नाही, इतकेच. पुढची सारी वर्षे या न थांबलेल्या गाडीचा आवाज बँडच्या संगीतात ऐकू येत राहिला, असे मला वाटते.

तो सर्वांत स्पष्ट ऐकू येतो १९७५ च्या 'विश यू वेअर हिअर'मध्ये. तिच्या दोन टोकांना विभागून असलेली 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही नऊ भागांची, जवळजवळ सव्वीस मिनिटांची रचना बॅरेटवर आहे. आरंभी दीर्घ, स्थिर स्वरांचा पडदा पसरतो. पाण्याने कमीअधिक भरलेल्या काचेच्या पेल्यांचे नादही त्यात मिसळलेले आहेत. घरगुती वस्तूंवर संगीत करण्याचा बँडचा फसलेला एक प्रयोग येथे सार्थकी लागला. मग गिटारचे चार स्वर येतात. चारच, आणि पुन्हा शांतता. त्या चार स्वरांत काही सांगितलेले नाही, फक्त कोणाला तरी हाक मारल्यासारखे वाटते; उत्तर येत नाही म्हणून ते पुन्हा येतात. गाण्याचे शब्द सुरू होतात ते आठ मिनिटे उलटून गेल्यावर. आपल्याकडील श्रोत्याला येथे आलापीची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि तशी तुलना मी अनेकदा ऐकली आहे. ती मला मान्य नाही. आलापात राग हळूहळू उघडत जातो. प्रत्येक स्वर पुढच्याची वाट मोकळी करतो. येथे काहीच उघडत नाही. येथे वाट पाहणे आहे. गिल्मरची गिटार ब्लूजची संथ वाक्ये बोलते, थांबते, आणि तिच्या थांबण्याला जेवढे मोल आहे तेवढे बोलण्याला नाही.

जून १९७५ मध्ये, याच रचनेचे अखेरचे काम लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चालू असताना, एक लठ्ठ, डोके आणि भुवया भादरलेला मनुष्य आत येऊन उभा राहिला. बराच वेळ कोणी त्याला ओळखले नाही. तो बॅरेट होता. ही हकिगत इतकी नाट्यपूर्ण आहे की चाहत्यांच्या वर्तुळात तिला पुराणकथेचे रूप आले आहे. मला तिच्यातील भावुकता नकोशी वाटते. बॅरेट त्यानंतर २००६ पर्यंत जगला, केंब्रिजमध्ये, बागकाम आणि चित्रे करीत. त्याला पुराणकथा व्हायचे नव्हते. आणि कला आणखी एक गोष्ट उघड करते, ती हकिगतीहून कठोर आहे: ज्या मित्रासाठी हे शोकगीत रचले त्याला समोर आल्यावर ओळखता आले नाही. शोक त्या माणसाचा नव्हताच, त्याच्या रिकाम्या जागेचा होता.

आता 'द डार्क साइड ऑफ द मून'कडे वळतो. मार्च १९७३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी १९७२ चे सबंध वर्ष बँड ती रंगमंचावर वाजवून घासूनपुसून घेत होता. अमेरिकेतील खपाच्या साप्ताहिक यादीत १९७३ ते १९८८ या काळात ती ७४१ आठवडे राहिली. हा आकडा सर्वत्र दिला जातो. ती त्या यादीत पहिल्या स्थानावर होती तो फक्त एक आठवडा, हे मला अधिक बोलके वाटते. म्हणजे ही गर्दीने एकदम उचललेली वस्तू नव्हे. दर आठवड्याला कोणी ना कोणी नव्याने तिच्यापाशी येत होता, एकेकटा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पणजीत महाविद्यालयात शिकत असताना मी तिच्यापाशी आलो. हणजूणच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या परदेशी प्रवाशांबरोबर असे संगीत गोव्यात येई आणि कॅसेटच्या नकला हातोहात फिरत. माझ्या हाती आलेल्या नकलेला आवरण नव्हते. लोलक मी कितीतरी वर्षांनी पाहिला. इंग्लंडमधील उच्चार कानाला परके, त्यामुळे शब्दही निम्मेच कळत. याचा लाभच झाला असे आज म्हणतो. घड्याळांचा गजर, हृदयाचे ठोके, नाण्यांचा आणि गल्ल्याचा खणखणाट, विमानतळावरची धावपळ, अधूनमधून कोणीतरी बोललेले एखादे वाक्य; आणि क्लेअर टॉरी या गायिकेचा एकाही शब्दाविना आकांत करणारा, मग निवणारा आवाज. शब्दांपूर्वी ध्वनीनेच अर्थ सांगितला. (त्या आवाजासाठी टॉरीला १९७३ साली तीस पौंड मिळाले होते. तीस वर्षांनी ती न्यायालयात गेली, आणि २००५ मध्ये तडजोड होऊन त्या रचनेवर संगीतकार म्हणून तिचेही नाव लागले. योग्यच झाले.) पैशांवरच्या गाण्याचा ठेका सात मात्रांचा आहे. रूपक अंगवळणी पडलेल्या आपल्या कानांना त्यात नवल नाही. पण चार मात्रांच्या चाकोरीतून चालणाऱ्या रॉकमध्ये तो लंगडतो आणि त्या लंगडण्यातच गाण्याचा उपहास आहे.

शब्द पुढे टप्प्याटप्प्याने उलगडत गेले, आणि येथे चाहतेपणाचे खरे कारण सापडते. 'टाइम' हे गीत वॉटर्सने लिहिले तेव्हा त्याने तिशी गाठलेली नव्हती. आयुष्य पुढे कधीतरी सुरू होईल म्हणून दिवस वाया घालवणाऱ्या माणसाला अचानक कळते की ते केव्हाच सुरू झाले होते, असा त्याचा आशय. विसाव्या वर्षी मला हे गीत दुसऱ्या कोणाविषयी वाटे: वडिलांविषयी, शेजाऱ्यांविषयी. चाळिशीत, हजेरीपटावर रोज सही करताना, ते कोणाविषयी आहे हे निराळे सांगावे लागले नाही. आता निवृत्तीनंतर ते ऐकताना वाटते की लिहिणाऱ्या तरुणाला आपण काय लिहीत आहोत याची अर्धीच कल्पना असावी. तरुणपणी आवडलेली पुष्कळ गाणी आपल्याला तरुणपणाकडे परत नेतात. त्यांची गोडी स्मरणाची असते. हे गीत परत नेत नाही. ते आपल्यापुढे चालत होते, आपण त्याच्यापर्यंत पोचायला उशीर लावला. स्मरणरंजन आणि जन्मभराची रसिकता यांतील भेद मी असा करतो.

'द वॉल'विषयी मात्र माझे मन आजही दुभंगलेले आहे. तिचा नायक, पिंक नावाचा रॉक गायक, हा काही अंशी वॉटर्स आणि काही अंशी बॅरेट. वॉटर्सचे वडील फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. युद्धात हरवलेला बाप, गुदमरवणारी आई, क्रूर मास्तर, मोडलेला संसार अशी एकेक वीट रचली जाते. शाळेतल्या मुलांच्या समूहस्वराचे गाणे जगभर गाजले. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी शिक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांनी ते आपलेसे केले आणि १९८० साली तेथील सरकारने त्यावर बंदी घातली. इतके सारे असूनही, या कृतीत स्वतःची कीव करण्याची मोठी हौस आहे. श्रोते येथे मेंढरे आहेत. आणि नायक जेव्हा हुकूमशहा होतो, तेव्हा त्याच्यापुढे हात उंचावणारी झुंडही तेच. चाहत्याने हा आरोप ऐकावा, टाळ्या वाजवाव्या आणि घरी जावे, अशी अपेक्षा. शेवटी नायकावरच खटला चालतो आणि भिंत पाडण्याची शिक्षा होते, म्हणून ही कृती वाचते. थुंकणाऱ्याने आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःलाच उभे केले.

आणि तरी तिच्यातील सर्वश्रेष्ठ क्षण खटल्याचा नाही. 'कंफर्टेबली नंब' या गीतात वॉटर्सचे शब्द बधिर झालेल्या माणसाचे आहेत आणि गिल्मरचे संगीत त्या बधिरपणाखालची वेदना आहे. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कनजीकचे युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड या चारच ठिकाणी झालेल्या त्या मूळ प्रयोगांत प्रेक्षक आणि बँड यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या विटांची भिंत पूर्ण झालेली असे, आणि गिल्मर तिच्या माथ्यावर उभा राहून गिटार वाजवी. शब्द भिंतीच्या पायथ्याशी, सूर तिच्या वर. या बँडचे सारे सामर्थ्य त्या रचनेत साठवलेले आहे. आणि त्यातच फुटीचे बीजही. राइटला ध्वनिमुद्रणाच्या काळातच काढून टाकण्यात आले होते. प्रयोगांत तो पगारी वादक म्हणून बसला. प्रयोग तोट्यात गेले, त्यामुळे चौघांत पैसे मिळाले ते फक्त त्याला. दैवाला विनोदबुद्धी असते.

पुढचा इतिहास लवकर सांगून होतो. १९८३ ची 'द फायनल कट' ही जवळजवळ वॉटर्सचीच. १९८५ मध्ये त्याने बँड सोडला, पुढल्या वर्षी नावासाठी न्यायालयात गेला, १९८७ च्या अखेरीस समझोता झाला. गिल्मर आणि मेसन यांनी नाव चालू ठेवले. तेव्हापासून चाहत्यांत दोन पक्ष पडले. 'द फायनल कट' ऐकताना मला उत्तम शब्दांना अंग नसल्यासारखे वाटते, आणि १९८७ च्या 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन'मध्ये अंग आहे, आत कोणी नाही. यावरून मी एकाही पक्षात गेलो नाही. दोघांच्या भांडणात राइटचे मोल सर्वांत कमी लेखले गेले. मायल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधून उचललेली स्वरसंगती 'ब्रीद'च्या मध्यात अलगद ठेवणारा हा अबोल वादक सप्टेंबर २००८ मध्ये गेला. १९९३ च्या उरलेल्या ध्वनिमुद्रणांतून त्याच्या स्मरणार्थ केलेली २०१४ ची 'द एंडलेस रिव्हर' संगीत म्हणून पातळ आहे, परंतु तीत तो भरपूर ऐकू येतो. त्याआधी २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे चोवीस वर्षांनी एकदा एकत्र वाजवून गेले, हीच काय ती गोड आठवण. २०२३ साली राजकीय भूमिकांवरून वैर पुन्हा उघड्यावर आले. २०२४ मध्ये ध्वनिमुद्रणांचे हक्क आणि ज्या नावासाठी एवढे रण माजले त्या नावाच्या वापराचेही हक्क सोनी कंपनीने सुमारे ४० कोटी डॉलरना घेतल्याचे वृत्त आले. या साऱ्याने चाहत्याचे काही बिघडत नाही; चेहऱ्यांवर त्याचा जीव कधीच नव्हता.

मला अस्वस्थ केले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या एका ध्वनिमुद्रिकेने. ऐंशी वर्षांच्या वॉटर्सने 'द डार्क साइड ऑफ द मून' नव्याने, एकट्याने केली. पन्नास वर्षांपूर्वी 'टाइम'चे शब्द त्याचे होते, पण गायले होते गिल्मर आणि राइट यांनी. आता लिहिणारा स्वतःच ते खालच्या, खरखरीत आवाजात जवळजवळ बोलतो. तरुणाने लिहिलेल्या ओळी म्हाताऱ्याच्या तोंडी आल्या आहेत. या एका कारणासाठी हा खटाटोप मला मोलाचा वाटतो. इतर ठिकाणी तो थकवतो. जेथे पूर्वी नुसते वाद्यसंगीत होते तेथे वॉटर्स बोलत राहतो, आणि टॉरीच्या शब्दहीन गाण्याच्या जागी एका कवी-मित्राच्या मरणाविषयीचे गद्य येते. ते हृद्य आहे. परंतु त्या आवाजाला शब्द नव्हते हेच तर त्याचे सांगणे होते. सगळ्यांत मोठा बदल म्हणजे गिल्मरचे गिटारवादन त्याने हेतुतः पूर्ण वगळले आहे.

'टाइम'मध्ये दुसऱ्या कडव्यापूर्वी ती जागा येते. वॉटर्सचा आवाज थांबतो, खाली ठेका चालू राहतो, आणि जेथे गिटार उसळायची तेथे कोणीच वाजवत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षे ऐकलेल्या कानाला मात्र ती पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, एकही हरकत न गाळता, ऐकू येते.